घरचा लसूण भर हिवाळ्यात फुटतो, पोचट होतो, सडतो: बिघाड नेमका कुठे शोधायचा?

जुलै-ऑगस्टमध्ये काढलेला लसूण दिसायला अगदी उत्तम असतो. गड्डे टणक, साल कोरी. डिसेंबर उजाडतो आणि सोललेल्या पाकळीत हिरवा कोंब दिसायला लागतो. जानेवारीत काही गड्डे हाताला हलके लागतात, एखाद्याच्या मानेशी बुरशी असते, आणि हिवाळा संपायच्या आत टोपलीतला बराच माल खताच्या ढिगावर जातो. पुढच्या वर्षी टोपली बदलते, जागा बदलते, तक्रार तीच राहते.

जिथे जमीन हिवाळाभर गोठलेली असते तिथे परसात लसूण लावणाऱ्या बहुतेकांना हे कधी ना कधी भोवतं. त्यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे लसूण आणखी गार जागी नेऊन ठेवणं: तळघरात, गराजमध्ये, नाहीतर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. गाडं अडतं ते तिथेच. लसूण टिकायला एक तर शून्याच्या आसपासची कडक थंडी हवी, नाहीतर सरळ घरातली खोली. मधली अर्धवट थंडी त्याला झोपेतून उठवते. उरलेल्या तक्रारींपैकी बहुतेक साठवणीच्या नसतातच. त्या काढणीच्या दिवशी किंवा सुकवताना सुरू झालेल्या असतात, टोपलीत फक्त उघड्या पडतात.

म्हणून जागा बदलण्याआधी खराब निघालेले दोन-तीन गड्डे फोडून नीट बघा.

पाकळी उभी चिरा

एक पाकळी सोला आणि टोकापासून तळापर्यंत उभी चिरा. निरोगी पाकळी आतून एकसंध, पांढरट पिवळी असते. मधोमध, तळाकडच्या बाजूला बारीकसा फिकट कोंब असतो. तो असणारच, ती काही खराबी नव्हे. कोंब पाकळीच्या निम्म्याच्या वर चढलेला असेल आणि त्याला पिवळसर हिरवी झाक आली असेल, तर गड्डा जागा झालाय आणि काही आठवड्यांत शेंडा बाहेर डोकावणार.

मग गड्डा उलटा करून तळाची चकती बघा. तिच्या कडेने पांढरे बारीक फुगवटे आले असतील तर ती नवी मुळं आहेत, म्हणजे जागा दमट आहे. मुळं नाहीत पण कोंब मात्र जोरात, तर संशय तापमानावर घ्यावा. शेवटी गड्ड्याची मान दोन बोटांत दाबा. कोरडा कागद चुरगळल्यासारखा आवाज यायला हवा. मान आत दबली, रबरासारखी लागली, तर सुकवणं अर्धवट राहिलंय.

एवढ्यावर निम्मं निदान होतं.

कोंब लवकर येतो

काढणीनंतर लसूण काही महिने सुप्तावस्थेत असतो. ही झोप कधी ना कधी मोडतेच. आपल्या हातात असतं ते फक्त तिला लांबवणं. शरद ऋतूत लावलेली पाकळी जमिनीत काय करते ते आठवा. गारव्यात मुळं धरते, सुमारे १० अंश सेल्सियसखालची थंडी काही आठवडे सोसते, आणि वसंतात झपाट्याने वर येते. ही थंडी म्हणजे तिला मिळालेला इशारा असतो. फ्रिजमध्ये ४-५ अंशांवर ठेवलेल्या गड्ड्याला नेमका हाच इशारा मिळतो. तो बाहेर काढून उबदार स्वयंपाकघरात ठेवला की वसंत आला असं समजून तो फुटतो. साधारण ५ ते १० अंशांचा पट्टा यासाठी सगळ्यांत वाईट, आणि थंड प्रदेशातली बहुतेक तळघरं हिवाळ्यात नेमकी त्याच पट्ट्यात असतात. बटाटा-गाजराला जी जागा मानवते ती लसणाला मानवत नाही, हे बऱ्याच जणांना पटायला वेळ लागतो.

व्यापारी शीतगृहात लसूण उणे १ ते ० अंशांवर, ६० ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवतात, आणि चांगला सुकवलेला माल तिथे सहा-सात महिने, कधी त्याहूनही जास्त, आरामात निघतो. घरी इतकं काटेकोर तापमान धरून ठेवणं जवळपास अशक्य आहे. गराजचा भरवसा धरू नका: एका रात्री पारा बराच खाली जातो, पाकळी गोठते, दुपारी वितळते, आणि दोन-चार फेऱ्यांत ती काचेसारखी पारदर्शक आणि लिबलिबीत होते.

घरच्या माणसाला जमेल असा पर्याय म्हणजे १५ ते १८ अंशांची, अंधारी, वारा खेळणारी जागा. जिन्याखालचं कपाट, न तापवलेल्या खोलीतला आतल्या भिंतीचा फळा, असं काहीतरी. हीटर, भट्टी, ओव्हन यांच्या शेजारी नको. बाहेरच्या भिंतीला चिकटूनही नको, कारण तिथे ओल धरते. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं यंत्र त्या जागी आठवडाभर ठेवून किमान आणि कमाल आकडे टिपा. खोली "गारच असते" या अंदाजावर विसंबून ठेवलेला लसूणच सगळ्यांत जास्त वाया जातो असं माझं निरीक्षण आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही जागेने बदलत नाही, ती म्हणजे वाण. कडाक्याच्या थंडीत बहुतेक जण हार्डनेक लावतात. मधून ताठ दांडा येतो तो हा. थंडी चांगली सोसतो, पाकळ्या मोठ्या, सोलायला सोपा, पण टिकायला कमी. त्यातला रोकाम्बोल गट चार-पाच महिन्यांत थकतो; पोर्सिलेन सहा महिने किंवा थोडं जास्त जातो. सॉफ्टनेकमधला, म्हणजे ताठ दांडा न येणाऱ्या लसणातला, सिल्व्हरस्किन नीट सुकवला तर दहा-बारा महिनेही टिकतो. तुमचा रोकाम्बोल जानेवारीत फुटला तर त्यात बिघडलं काहीच नाही, तो त्याच्या वेळेवर फुटला. दोन वाण लावा, नावाच्या चिठ्ठ्या लावा, आणि कमी टिकणारा आधी संपवा.

गड्डा हलका, पाकळी सुरकुतलेली

हे कोरडेपणाचं काम. हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरात आर्द्रता ४० टक्क्यांच्याही खाली उतरते आणि पाकळीतलं पाणी सालीतून निघून जातं. जाळीच्या पिशवीऐवजी भोकं पाडलेली कागदी पिशवी किंवा भोकांचं मातीचं झाकणाचं भांडं वापरा. वारा लागतो पण पाणी सावकाश जातं. प्लॅस्टिकची बंद पिशवी कधीच नाही. पुन्हा पुन्हा असंच होत असेल तर गड्ड्यावर साली किती उरल्या आहेत ते मोजा, कारण एकाच सालीचा गड्डा कुठेही ठेवला तरी सुकतोच. आणि साली किती उरणार हे वाफ्यातच ठरतं.

काढणीचा दिवस

लसणाचं प्रत्येक पान खाली जाऊन गड्ड्याभोवतीची एक साल बनतं. वरचं पान वाळलं की मातीतली तिची साल कुजायला लागते. त्यामुळे पिवळी पानं बघून "अजून थोडं वाढू दे" म्हणत थांबणं महागात पडतं. खालची तीन-चार पानं वाळलेली आणि वरची पाच-सहा हिरवी, ही काढायची वेळ. स्वच्छ करताना एक-दोन साली जातात, तरी चार उरतात, आणि त्या पुरतात. सगळी पात वाळेपर्यंत थांबणं हा कांद्याचा नियम आहे. लसणाला तो लावला की साली फाटतात, पाकळ्या एकमेकींपासून सुटतात आणि फटींत माती शिरते. असा गड्डा हिवाळा काढत नाही.

पानांवर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नका. नत्र कमी पडलं, पाणी तोडलं किंवा रोग आला तरी पानं लवकर पिवळी पडतात. दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांतले दोन गड्डे उपटून आडवे कापा. पाकळ्यांनी साल गच्च भरली असेल, आणि हार्डनेकमध्ये मधल्या दांड्याभोवती किंचित फट सुरू झाली असेल, तर दिवस आला. पाकळ्यांच्या रेषा जेमतेम उमटल्या असतील आणि आतल्या साली जाड, रसदार असतील, तर आणखी आठवडाभर कळ काढा. हार्डनेकचे दांडे एक वेढा घेतल्यावर कापून टाकायचे असतात, नाहीतर गड्डा लहान राहतो. पण दोन-चार रोपांचे दांडे मुद्दाम ठेवा. वेढा उलगडून ते सरळ उभे राहायला लागले की वाफ्याकडे रोज लक्ष ठेवा.

हा मोका जेमतेम आठवडा-दहा दिवसांचा असतो. नेमका तेव्हाच मोठा पाऊस येणार असेल तर मी दोन-तीन दिवस आधी काढण्याच्या बाजूने आहे. गड्डे जरा लहान निघतील, पण साली शाबूत असतील. काढणीआधी दोन आठवडे पाणी बंद, हे तर हवंच.

काढताना पात धरून ओढू नका. लांब दात्यांचा काटा गड्ड्यापासून वीतभर दूर घालून माती सैल करा, मग उचला. माती झटकायला गड्डे एकमेकांवर आपटायची सवय फार लोकांना असते. त्याने पडलेला मुका मार त्या दिवशी दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच जागी निळसर हिरवी बुरशी येते. पाण्याने धुऊ नका. उपटून उन्हात पसरूनही ठेवू नका, तासा-दोन तासांचं कडक ऊनसुद्धा पाकळी भाजतं.

मान मऊ, मानेशी करडी बुरशी

थंड प्रदेशातली खरी अडचण इथे आहे. काढणी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, आणि सुकवणं संपेपर्यंत रात्री गार होऊ लागतात, पहाटे दव पडतं. शेडमध्ये दिवसा सुकलेली मान रात्री पुन्हा ओल शोषून घेते. पुस्तकात "दोन आठवडे सुकवा" असं वाचून दोन आठवड्यांनी पिशव्या भरल्या की पाणी मानेतच अडकतं आणि बोट्रायटिस नावाची करडी बुरशी तिथून खाली उतरते.

आठवडे मोजू नका, गड्डा बघा. सावली, सगळीकडून फिरणारी हवा आणि २० ते २७ अंश तापमान मिळालं तर दोन ते चार आठवडे लागतात. जाड मानेच्या हार्डनेकला जास्त. जुड्या बांधायच्या असतील तर लहान, आठ-दहा गड्ड्यांच्या. मोठ्या जुडीतल्या मधल्या मानांना वारा लागतच नाही. त्यापेक्षा जाळीच्या फळ्यांवर एकेरी थर बरा. हवा कोंदट असेल तर साधा पंखा लावा, रात्रीसुद्धा. पात ठेवून सुकवावं की कापून, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. माझ्या मते दोन्ही चालतं. जागा कमी असेल तर पात कापून मानेवर वीतभर दांडा ठेवा, हवा उलट चांगली फिरते.

झालं का हे ओळखायला एक गड्डा घ्या आणि मान गड्ड्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटरवर कात्रीने कापा. कापलेल्या तोंडाकडे निरखून बघा. मधोमध हिरवट, ओलसर कडं दिसलं, किंवा कात्रीच्या पात्यावर चिकट ओल राहिली, तर अजून वेळ आहे. कोरडं, तपकिरी, पापुद्र्यांच्या थरांचं तोंड दिसलं तर काम झालं. मुळांचा झुबका ब्रशसारखा ताठ आणि तळाची चकती नखाला कडक लागायला हवी. तराजू असेल तर याहून सोपं: तेच पाच-सहा गड्डे दर दोन दिवसांनी एकत्र तोलत जा, आणि वजन उतरायचं थांबलं की पिशवीत भरा. त्यानंतरच मुळं अर्धा सेंटिमीटर ठेवून छाटा.

आधीच साठवलेल्या मालाच्या माना आता मऊ लागत असतील तर अजून वेळ गेलेली नाही. बुरशी नसलेले गड्डे वेगळे काढून उबदार, कोरड्या खोलीत पंख्यासमोर आठवडाभर पसरा.

वरून धडधाकट, आतून पिवळी मेणचट पाकळी

साल काढली की आत मधाच्या रंगाची, अर्धपारदर्शक, चिकट पाकळी. बुरशी नाही, कीड नाही. ही रोगाची लागण नसते. काढणीच्या सुमाराची तीव्र उष्णता आणि सुकवताना किंवा साठवताना कोंडलेली हवा यांनी पाकळीच्या पेशी बिघडतात, आणि ते काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतं. पाऊस टाळायला म्हणून प्लॅस्टिकच्या हरितगृहात लसूण टांगणाऱ्यांना हा अनुभव येतो. तिथे टांगायचाच असेल तर वर सावलीची जाळी आणि दोन्ही दारं उघडी, नाहीतर नको. बिघडलेल्या पाकळीवर इलाज नाही.

बुरशीचा रंग

निळी-हिरवी बुरशी जखमेतून येते, ती पेनिसिलियमची. सालीखाली काजळीसारखी काळी भुकटी असेल तर जागा फार उबदार आणि दमट आहे. तळाशी गुलाबी-पांढरी बुरशी आणि तपकिरी, भुसभुशीत चकती हे फ्युजेरियमचं लक्षण. ते जमिनीतून आणि बियाण्यातून येतं, म्हणून त्या वाफ्यात निदान तीन-चार वर्षं लसूण-कांदा लावू नये. चकती गड्ड्यापासून सुटून आली, मुळं हाताशी निघाली, तर खोड आणि गड्ड्यातल्या सूत्रकृमींचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचा, संशय घ्या आणि बियाणं पूर्ण बदला.

घाबरावं असा प्रकार एकच. गड्ड्याच्या तळाला कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यात खसखशीएवढे काळे दाणे. ही पांढरी कूज. ते दाणे जमिनीत वीसहून अधिक वर्षं जिवंत राहू शकतात, आणि लसूण-कांद्याच्या मुळांचा वास लागला की उगवतात. असा गड्डा खताच्या ढिगावर टाकू नका, कचऱ्यात द्या. अवजारं आणि बुटांना लागलेली त्या वाफ्याची माती धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात पाऊल टाकू नका, आणि त्या वाफ्यात कांदा वर्गातलं काहीही पुन्हा नको.

जे उरलंय त्याचं काय करायचं

कोंब आलेला लसूण खायला चालतो. कोंब कडसर असतो, तो काढून टाका. सगळाच साठा जागा होऊ लागला असेल तर वाट बघू नका. पाकळ्या सोलून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर टाका, किंवा पातळ काप करून कडकडीत वाळवा, मोडल्यावर तटकन आवाज येईल इतके.

सोललेला कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवणं मात्र नको. हवा नाही, आंबटपणा नाही, अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू विष तयार करतो, आणि त्याला ना वास येतो ना चव. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये तेलातला बाटलीबंद लसूण फ्रिजबाहेर ठेवल्याने ३६ जणांना हा आजार झाला होता. तेलात केलाच तर फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा, नाहीतर थेट फ्रीजरमध्ये.

बियाण्याचे गड्डे खाण्याच्या साठ्यातून काढणीच्या दिवशीच वेगळे करा: सगळ्यांत मोठे, साली अखंड असलेले. ते १० अंशांच्या आसपास चालतात, कारण लावणी शरद ऋतूतच असते आणि त्यांना जाग यायला हवीच असते. ४ अंशांखाली ठेवलेल्या पाकळीला मात्र जमिनीत गेल्यावर बाजूने कोंबच कोंब फुटतात आणि गड्डा वेडावाकडा निघतो. १८ अंशांच्या वर ठेवली तर ती उशिरा उगवते, उशिरा तयार होते. जमीन गोठायच्या चार ते सहा आठवडे आधी लावा, आणि गड्डे फोडायचे ते लावणीच्या दिवशी किंवा फार तर आदल्या दिवशी. फोडताना निळी बुरशी दिसली तर तो गड्डा बाजूला काढून हात धुवा, मगच पुढचा घ्या. तिची भुकटी बोटांवरून बाकीच्या पाकळ्यांवर जाते.